धुक्यातल्या बाईचं शेवटचं पान

युद्धाच्या बातम्या सुरू झाल्या तेव्हा एका प्रकाशकानं विचारलं, शंभरेक वर्षांपूर्वीच्या युक्रेनी अद्भुतकथा मराठीत आणाल का? मी इंग्रजीचा निवृत्त मास्तर. युक्रेनी येत नाही, इंग्रजीवरूनच करणार होतो. हो म्हणालो, कारण बायकोचं डायलिसिस नुकतंच सुरू झालं होतं. आमच्या वऱ्हाडातल्या मालेगावहून वाशीमच्या दवाखान्यात जायचं आणि तासन्‌तास तिच्या उशाशी बसायचं, एवढंच काम मला उरलं होतं.

जे लिहून होई ते तिथंच तिला वाचून दाखवी. शेजारच्या पलंगावर एक आपा असत. त्यांच्या घरचं गाद्या भरायचं दुकान होतं. त्याही कान देत. झाडात राहणारे म्हातारे, बुडून परत येणाऱ्या पोरी, सगळं त्या दोघींना पटायचं.

"आपल्या इकडच्या डोहातल्या आसरा नाहीत का, तशाच ह्या," बायको आपांना समजावून सांगे.

तिचा जीव जडला तो एका मेंढपाळाच्या गोष्टीवर. डोंगरात वाट चुकलेल्या त्याला धुक्याची बाई घरी नेते. दोघं संसार मांडतात. पुढं त्याला आईची ओढ लागते, तो गावाकडं निघतो. तीही मागोमाग येते. पण घरात चूल पेटलेली, आणि धुक्याला आगीजवळ जाता येत नाही.

"मंग ते चूल काहून इझवत नाहीत?" बायकोनं विचारलं.

"थंडी असते तिकडं. बर्फ पडतो."

"एक दिवस तं इझवा म्हणा."

शेवटचं पान राहिलं होतं. ते काढलं की ती म्हणे, "आज नोको. लय थकली मी." पुढच्या खेपेलाही तेच. मलाही घाई नव्हती. मग तिला ताप भरला, अकोल्याला हलवलं, आणि ती तिथंच गेली.

तिची शाल वाशीमला राहिली होती. तेरवी झाल्यावर आणायला गेलो. तिच्या पलंगावर दुसरंच कोणी झोपलं होतं. आपांनी मला बसवलं.

"भाईजान, त्या धुक्यावालीचं पुढं काय झालं?"

पानं पिशवीतच होती. मी वाचलं. ती रात्रभर उंबऱ्याबाहेर उभी राहते. सकाळी तो दार उघडतो, तर उंबरा नुसता ओला. आई ते दव समजून पुसून टाकते.

आपांनी ओढणी डोळ्यांना लावली. "भाभीले ठाव होतं. मले म्हणे, आपा, ते बाई बाहीरच राहते पाहा. पन ह्यायले वाचू नाही देत मी. वाचतानी रडतीन ते, अन् मी अशी मशीनले बांधलेली. उठून डोळे कशी पुसू त्यायचे?"

शाल घेऊन मी स्टँडवर आलो. मालेगावची गाडी लागली होती. ती भरली, निघूनही गेली. मी बाकावरच बसून होतो.