उतारावरचा रुमाल

“ही? अगो, हिची गाडी आली तर कोंबड्यासुद्धा बाजूला होत नाहीत!”

कोर्टाच्या पडवीत मागच्या बाकावरून हे ऐकू आलं. शेजारच्या काकू बांधाच्या दाव्याची तारीख घ्यायला आल्या होत्या आणि सोबतच्या बाईंना माझा गुन्हा समजावून देत होत्या. भरधाव मोपेड चालवणे. मी वळून पाहिलं नाही, पण साक्षीला यांनाच बोलवावं असं वाटून गेलं.

मुंबईत म्हणे वेग मोजायचं यंत्र होतं. आमच्या रत्नागिरीत दोन हवालदार, एक रुमाल आणि एक स्टॉपवॉच होतं. आमच्या घराकडच्या उतारावर चुन्याच्या दोन रेघा मारलेल्या. गाडी वरच्या रेघेवर आली की वरचा हवालदार रुमाल खाली करी. तो पाहून खालचा घड्याळ चालू करी आणि गाडी त्याच्यापाशी पोचली की बंद. मग तक्त्यात बघून वेग काढायचा. माझा निघाला बावन्न. बावन्न म्हणजे फिफ्टी-टू हे मला सही करून बरंच पुढे गेल्यावर उमगलं. इंग्रजी शाळेची कृपा. परत फिरून भांडण्याचा माझा स्वभाव नव्हता.

समन्स आलं तेव्हा बाबा एवढंच म्हणाले, “गुन्हा कबूल केलास तर गाडी विकून टाकू. टायपिंगच्या क्लासला एसटीने जा.”

एसटी काही वाईट नव्हती. पण एसटीत माणसं बोलतात. “कोणाची गो तू? लग्नाचं बघतायत का नाय?” जाताना तेच, येताना तेच. मोपेडवर मला कोणी काही विचारत नसे. ती गेली असती तर दिवसातला माझा असा एकमेव अर्धा तास गेला असता.

कारकून भला माणूस होता. “बाय, कबूल म्हण नि मोकळी हो. एवढ्यासाठी इथे कोण लढत नाय.”

आत साहेबांनी विचारलं, “गुन्हा कबूल?” मी मान हलवली.

“मान नको. तोंडाने सांगा.”

“नाही,” मी म्हणाले. ते पहिल्या दोन ओळींपलीकडे कोणाला ऐकू गेलं नसावं.

मग वरचा हवालदार साक्षीला उभा राहिला. गोल, हसरा चेहरा. मला बघून त्याने ओळखीची मान डोलावली आणि माझी पंचाईत झाली. कारण त्या सकाळी मी जे पाहिलं होतं, ते त्याच्याबद्दलच होतं.

रेघेपाशीच लांज्याची बस थांबली होती आणि हा खिडकीतून ड्रायव्हरला शेपट्या डोकावणारी पिशवी देत होता. “स्टँडवर मेव्हणा येईल, त्याच्याकडे द्या. नि उन्हात ठेवू नका हो!” आमच्याकडे निम्मा बाजारहाट असाच ड्रायव्हरच्या पायाशी बसून गावोगाव जातो, त्यात नवल नव्हतं. बसला वळसा घालून मी रेघ ओलांडली, निम्मा उतार उतरले, तेव्हा आरशात दिसलं: त्याने दचकून खिशातून रुमाल ओढला आणि खाली केला. म्हणजे अंतर अख्ख्या उताराचं आणि वेळ निम्म्याचाच.

“रुमाल वेळेवर खाली केला होता?” साहेबांनी विचारलं.

“होय साहेब.” इतक्या सरळपणे म्हणाला, की त्याला खरंच आठवत नव्हतं हे दिसत होतं.

“आरोपीला काही विचारायचंय?”

पुढचं आधीच सांगते. हवालदाराने क्षणभर छताकडे पाहिलं, कपाळावर हात मारला आणि म्हणाला, “खरं आहे साहेब, तसंच झालं.” साहेब बराच वेळ चष्मा पुसत राहिले. मी सुटले. बाहेर त्याने मला गाठून सांगितलं, “बाई, त्याच दिवशी बोलायचं ना! मीच फाडला असता तो कागद.” गाडी अजून माझ्याकडे आहे.

पण त्याआधी ते बोलणं भाग होतं. मनात इंग्रजीत एक लांबलचक, सभ्य वाक्य तयार होतं, ‘विथ ड्यू रिस्पेक्ट’पासून सुरू होणारं. ते तिथे कोणाच्याच कामाचं नव्हतं. मी कठडा घट्ट धरला आणि मागच्या बाकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाले,

“दादा, मी रेघ ओलांडली तेव्हा तुमच्या हातात रुमाल नव्हता. बांगडे होते.”