पट्टी खराब आहे

धानाच्या रोवणीत कंबर आणि हात दिवसभर गुंतलेले, तोंड तेवढं मोकळं. म्हणून आमच्या बायांच्या टोळीत धानापेक्षा किस्सेच जास्त रोवले जातात. यंदा तर कॉलेजच्या मॅडम आमच्या हातांवर पारखून बघायला नव्या पट्ट्या घेऊन आल्या, मग काय विचारता!

अर्जुनी मोरगावकडचं आमचं गाव. इटियाडोह धरणाचं पाणी धानाच्या बांधीत आलं, आम्ही चिखलात उतरलो आणि मॅडम कडेच्या कोरड्या धुऱ्यावर उभ्या राहिल्या. त्यांनी डब्यातून काचेसारखी आरपार, लिबलिबीत पट्टी काढली. म्हणाल्या, "याला हायड्रोजेल म्हणतात. आत मिठाचं पाणी धरून ठेवलेलं आहे, वरून पातळ रबर. कोपरावर लावायची. हात वाकला की थोडी वीज तयार होते." त्यांनी हात हलवला आणि पट्टीवरचा इवलासा दिवा लुकलुकला.

टोळीत सर्वांत मोठी कौसाबाई. तिनं चिखलाचा हात कमरेवर ठेवला. "एवढी वीज माह्या अंगात हाय, तं बिल कायले भरून राहिलो आम्ही?"

* * *

मला वेगळीच भीती. माझी चिमी अजून अंगावर पिते. उन्हाळ्यात तिला तापात झटके आले, तेव्हापासून माझ्या जिवाला थारा नाही. मी विचारलं, "मॅडम, दुधात करंट तं नाही ना जाणार?"

"नाही हो ताई. यानं मुंगीलाही काही होत नाही."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा विचारलं. तिसऱ्या दिवशी मी नुसती समोर जाऊन उभी राहिले. मॅडम लांबूनच ओरडल्या, "नाही जात!"

* * *

कौसाबाईचा नवरा दिवसभर खाटेवर. ती म्हणाली, "माह्या बुढ्याले लावा एक. दिवा लागला तं गावाले जेवण देतो!"

कोपरावर लावली. अंधार. गुडघ्यावर लावली. अंधार. कौसाबाई खुश! तेवढ्यात बुढ्यानं सुपारी-तंबाखूचा खर्रा तोंडात टाकला आणि चघळू लागला. आमच्यातल्या मंगलानं पट्टी उचलून त्याच्या गालावर चिकटवली. दिवा जो सुरू झाला, तो थांबेचना!

गावाचं जेवण अजून बाकी आहे.

* * *

चिमी मोहाच्या झाडाखाली, लुगड्याच्या झोळीत असायची. एका दुपारी मी मॅडमच्या मागे लागून तिच्या पायाला पट्टी लावून घेतली. तिनं पाय झाडला की दिवा लागे. मला इतकं बरं वाटलं! मग दिवा विझला. मी घाबरून तिला हलवलं. ती उठली, रडली, दिवा लागला. पुन्हा झोपली, पुन्हा विझला, मी पुन्हा हलवलं.

कौसाबाई खेकसली, "अवं, झोपली हाय थे! लेकरू हाय का टॉर्च?"

मॅडमनं पट्टी काढून घेतली.

* * *

आम्हा सगळ्यांच्या कोपराला पट्ट्या होत्या आणि मॅडमच्या मोबाइलवर प्रत्येकीची एक रेघ दिसायची. हात चालला की रेघ वरखाली, हात थांबला की सपाट. दुपारी शिदोरी खाऊन सगळ्या झाडाखाली आडव्या व्हायच्या, सगळ्यांच्या रेघा सपाट. माझी चालूच!

"ताई, तुमची पट्टी खराब आहे," मॅडम म्हणाल्या आणि बदलून दिली. दुसऱ्या दिवशी तेच. "हीसुद्धा खराब!"

मंगला म्हणाली, "पट्टी नाही, हिचा हातच खराब हाय."

ती हसली. मला मात्र वाटलं, माझ्याच अंगात काही बिघडलं असेल आणि तेच दुधातून चिमीला जात असेल तर? मी मॅडमला विचारलं, "दवाखान्यात दाखवू काय?" त्या म्हणाल्या, "थांबा, उद्या मी स्वतः बघते."

पुढचं मला कौसाबाईनं सांगितलं, कारण मला डोळा लागला होता. दुपारी मॅडम मोबाइल घेऊन मोहाखाली आल्या. कौसाबाई सोडून सगळ्या झोपलेल्या. मीही, तोंड उघडं टाकून. फक्त झोळीची दोरी माझ्या मुठीत होती आणि हात चालू होता. पुढे, मागे. पुढे, मागे.

मॅडमनं मोबाइल पाहिला, माझा हात पाहिला, पुन्हा मोबाइल पाहिला. मग खाली बसल्या, माझी बोटं एकेक करून सोडवली आणि दोरी आपल्या हातात घेतली.

कौसाबाईनं पडल्यापडल्याच विचारलं, "झाली काय रेघ सपाट?"

मॅडमनं होकारार्थी मान हलवली.

"तं मंग बोलू नोका. दोरी वढा."