चौपाटीवरची होडी

मानकोलीच्या अलीकडे खाडीला लागून आता फळ्यांची लांबलचक चौपाटी आहे. झोपाळे आहेत, मुलांची छोटी आगगाडी आहे, आणि रविवारी पार टेमघरपासूनची कुटुंबं पोराबाळांना घेऊन येतात. सुरुवातीलाच इतिहासाचा फलक आहे: इथे पूर्वी बंदर होतं, होड्या लागत. त्यातला ‘पूर्वी’ वाचला की माझं डोकं फिरतं. चार वर्षांमागे तिथे माझ्या बाबांची होडी लागत होती.

चौपाटीचं ठरलं तेव्हा साहेब लोक नकाशा घेऊन घरी आले. काठाची आमची पट्टी त्यांना हवी होती. नकाशात खांबांवर फळ्या, खाली पाणी. आमच्याकडे पाण्यावर फळ्या टाकतात त्या होडीत चढाउतरायला, हवा खायला नाही. बाबांनी मला एवढंच विचारलं, “होरी लागंल ना रं हितं?”

मी वडप्याच्या गोदामात सुपरवायझर, घरातला शिकलेला. नकाशावर नुसती नजर टाकून म्हणालो, “लागंल की. धक्काच हाय.” बाबांनी सही केली. पाण्यात उतरणारी एकही पायरी त्यात नव्हती, हे मी पाहिलंच नाही. शिकून मी हे दिवे लावले.

काम चालू असताना होडी काठावर पालथी पडून होती. ठेकेदाराच्या माणसाने ती मागितली, फुकट रंगवून देतो म्हणाला. बाबा खूश झाले. चार माणसं जमवून त्यांनीच ती टेम्पोत चढवून दिली.

उद्घाटनाला गेलो तर होडी कारंज्याशेजारी, सिमेंटच्या दोन ठोकळ्यांवर. निळीशार रंगवलेली, पोरांनी खच्चून भरलेली, पुढे फोटोवाल्यांची रांग. खाडीकडे छातीएवढा कठडा. बाबा होडीला हात लावायला गेले तसा वॉचमन म्हणाला, “चाचा, ये सिर्फ बच्चों के लिए है.” मी त्याच्या अंगावर धावून गेलो. त्या बिचाऱ्याचा काय दोष, पण मला कोणावर तरी ओरडायचंच होतं.

बाबा भांडले नाहीत. वाकून ते होडीचा तळ चाचपत होते. पावसाचं पाणी साचू नये म्हणून तळाला ओळीने भोकं पाडली होती. एका भोकात त्यांनी बोट घातलं आणि बराच वेळ काढलंच नाही.

“आता ही पान्यान न्हाय जायाची,” ते म्हणाले. मग माझ्याकडे न बघता, “मी तुला इचारला व्हता.”