फिल्मच्या काठाबाहेर

दवाखान्यात माझ्या थोरल्या काकूला ‘दाबबाई’ म्हणतात. तोंडावर कुणी म्हणत नाही, पण तिला ते ठाऊक आहे आणि तिचं त्याबद्दल काही म्हणणं नाही. स्तनांचे एक्स-रे, म्हणजे मॅमोग्राफी, हे तिचं काम. स्तन दोन पट्ट्यांमध्ये दाबून चपटा केल्याशिवाय फोटो नीट येत नाही, आणि दाबलं की दुखतं. बायका कळवळतात, काही जणी तिच्या सात पिढ्यांचा उद्धार करतात. काकू म्हणते, “शिव्या द्या, पण हलू नका.” मग बाहेर येऊन त्याच बाईला पाण्याचा ग्लास देते.

यंदा नवं डिजिटल मशीन आलं आणि सोबत हुकूमही आला. ऑनलाइन कोर्स पुरा करा, नाहीतर हातापायांच्या एक्स-रेच्या खोलीत बदली. काकूचं अख्खं आयुष्य त्या एका खोलीत गेलं होतं. तिने कोर्स माझ्या लॅपटॉपवर सुरू केला, कारण मी सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि घरात जे जे बिघडतं ते, मिक्सरसकट, माझ्या गळ्यात पडतं. आमचं आणि काकांचं घर शेजारी शेजारी, मधे एकच भिंत. आई गेल्यापासून मी आणि बाबा त्यांच्याकडेच जेवतो.

आधी व्हिडिओ होते. काकू ते बघताना वाद घालायची. “अरे बाबा, खांदा सोड तिचा! कशी उभी राहील ती?” काका पेपराआडून म्हणायचे, “तो तुझं ऐकतोय का?” मग आल्या केस. वेगवेगळ्या दवाखान्यांतल्या जुन्या फिल्म कोर्सवाल्यांनी जमवल्या होत्या. नावं पुसलेली, पण बायका खऱ्या. फिल्म बघायची, फोटो काढताना चूक जिथे झाली तिथे क्लिक करायचं, की खाली उत्तर उघडतं. काकू एकेक केस भराभर सोडवत होती.

एकदा जेवताना तिने मधेच विचारलं, “यात गाठ कुठे होती ते सांगतात. बाई कुठे गेली ते का सांगत नाहीत गं?”

“कोर्सला त्याची गरज नसते, काकू.”

“हो, कोर्सला नसते,” ती म्हणाली आणि ताट घेऊन उठली.

त्यानंतर ती गप्प होत गेली. मी खोलीत आले की लॅपटॉप मिटायची. खिडकीच्या काचेवर वाफ धरली की हातातलं काम टाकून ती पुसायची. मी एकदा कारण विचारलं. “काही नाही. पांढरं पांढरं दिसतं,” म्हणाली. ओट्याशी उभी असताना कधी कधी मागे वळून बघायची, कुणी हाक मारल्यासारखं. काकांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे चल म्हणून बघितलं, तर खेकसली.

रविवारी दुपारी तिनेच मला बोलावलं. “तुझं हे मशीन अडकलंय. पुढची केस येतच नाही.”

मी बघितलं. काही अडकलं नव्हतं. ती एक केस तिने पुन्हा पुन्हा उघडली होती आणि उत्तर न देता बंद केली होती.

“काकू, उत्तर द्यायचं राहिलंय. ते दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही.”

“तू दाब काहीतरी.”

“मला काय कळतं यातलं? उद्या माझ्यामुळे नापास झालीस तर?”

स्क्रीनवर काळ्या फिल्मवर राखाडी-पांढरा स्तन होता, तिरका काढलेला. त्याच्या खालच्या बाजूला एक लखलखीत पांढरी रेघ होती, कोयरीसारखी वळलेली. काकूने त्या रेघेवर बोट ठेवलं.

“ही तार आहे,” ती म्हणाली. “व्रण असला की त्यावर आम्ही बारीक तार चिकटवतो. म्हणजे फोटो वाचणाऱ्याला ती गाठ वाटत नाही. जसा व्रण, तशी तार वाकवायची.” बोट न उचलता म्हणाली, “ही मी वाकवलीय.”

आई लहान असताना तिच्या छातीवर उकळतं पाणी सांडलं होतं. त्याची खूण मी कितीदा बघितली होती, मांडीवर झोपताना तिला बोट लावलं होतं. ती टोकाशी अशीच आत वळायची. मी खुर्चीत बसले. आई जाऊन इतकी वर्षं झाली आणि ती माझ्याच लॅपटॉपमध्ये, नावाशिवाय, क्लिकची वाट बघत बसली होती.

आईच्या त्या तपासणीचा रिपोर्ट ‘नॉर्मल’ आला होता, एवढं मला माहीत होतं. वर्षभराने गाठ हाताला लागली, तेव्हा ती काखेपर्यंत गेली होती.

“दे उत्तर, काकू.”

“बघायचंय तुला?”

“तुला नाही बघायचं?”

तिने माउस हातात घेतला. चूक शोधायला ती थांबली नाही. बाण सरळ फिल्मच्या मागच्या काठावर, छातीच्या बाजूला नेला आणि क्लिक केलं. खाली अक्षरं आली: ‘बरोबर. छातीलगतचा भाग फिल्ममध्ये आलेला नाही. या स्त्रीला पुढे त्याच बाजूला कर्करोग आढळला. तो या वेळी न दिसलेल्या भागात होता की नव्हता, हे या फिल्मवरून सांगता येत नाही.’

“म्हणजे डॉक्टरांची चूक नाही,” ती म्हणाली. “त्यांना दिसणार कसं? मीच दाखवलं नाही.”

“पण तिथे गाठ होती की नव्हती, ते कुठे…”

“तेच तर.” तिने माउस बाजूला सारला. “लाजत होती गं. माझ्यासमोर कधी साडीसुद्धा बदलली नाही तिने. मला म्हणते, ‘जाऊबाई, इस्त्री करताय की फोटो काढताय?’ आणि हसत सुटली. दुसरी कुणी असती तर खांद्याला धरून ओढली असती पुढे, हाताने सगळं आत घेतलं असतं. हिला मी हात लावायला बिचकले. म्हटलं, आपलीच आहे, कशाला दुखवा.”

मी लॅपटॉप मिटला नाही. तीही उठली नाही. काका चहा विचारायला आले आणि आमच्याकडे बघून तसेच मागे फिरले.

प्रश्न माझाही होता. आईला ज्या वयात कर्करोग निघाला त्याच्या दहा वर्षं आधीपासून मी तपासणी करून घ्यावी, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. ते वर्ष हेच. शुक्रवारची वेळ काकूनेच घेऊन ठेवली होती.

“तुझे फोटो आमच्याकडची दुसरी टेक्निशियन काढेल,” काकू म्हणाली. “चांगली आहे पोरगी. माझ्या हाताने नको.”

मला तिच्या हाताची भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू? पण अनोळखी हाताची भीती त्याहून जास्त होती की कमी, हे मला ठरवता येईना. शेवटी मी म्हणाले, “तूच काढ. पण मला परकी समज.”

शुक्रवारी तिने मला नाव विचारलं. रीतसर, कागद हातात धरून, माझ्याकडे न बघता. मग खांद्याला धरून असं ओढलं की माझा तोल गेला. हात थंड होते. पट्टी खाली आली, आणखी खाली आली, डोळ्यांपुढे अंधारी आली.

“काकू, बास!”

“इथे काकू नाही. श्वास रोखा.”

चारही फोटो झाले. मी गाउन सावरत तिच्या मागे जाऊन उभी राहिले. तिने शिकवलं होतं म्हणून मला कळलं: छातीचा स्नायू वरून खालपर्यंत स्वच्छ उतरला होता, मागे काही सुटलं नव्हतं. पण ती फोटोकडे बघत नव्हती. फोटो जिथे संपत होता, त्याच्या बाहेरच्या काळ्याकडे बघत होती.

“आणखी थोडं आत घेता आलं असतं,” ती म्हणाली.

“त्याच्या मागे आता माझी पाठच आहे.”

ती हसली नाही. “आणखी एक घेऊ?”

“गरज आहे?”

“नाही.” तिचा हात बटणाजवळच होता. “उगाच किरणं कशाला द्यायची. गरज नाही. पण घ्यावासा वाटतो.”

मी गाउनची नाडी बांधली नाही. तिचं ठरेपर्यंत तशीच उभी राहिले. मशीनचा पंखा घुमत होता. बाहेर कुणीतरी दारावर टकटक केलं, पुढची बाई असावी. काकूने हात मागे घेतला आणि फोटो डॉक्टरीणबाईंकडे पाठवून दिले.

“कपडे घाल,” ती म्हणाली, आणि दार उघडायला जाण्याआधी एकदा वळून त्या रिकाम्या स्क्रीनकडे बघितलं.