आप्पांनी बांधलेले दोरे

खरं सांगतो, त्या सकाळी मी देवावर चिडलो होतो. आप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, जाऊन वर्ष होत आलं होतं. मायचा एकच हट्ट होता, त्यांच्याच जुन्या गाडीतून नारायणगडाला दर्शनाला जायचं. धाकट्या भावानं मात्र निर्वाणीचं सांगितलं होतं, "दादा, तिचा ब्रेक लागत न्हाई. एवढी खेप बघ, न्हाई तर भंगारात." त्याचंही चूक नव्हतं. ब्रेकचं पेडल दगडासारखं टणक झालं होतं. गॅरेजमध्ये चाकांकडचं सगळं नवं घातल्यावर जरा फरक पडला म्हणून निघालो, तर नेकनूर ओलांडेपर्यंत पुन्हा तेच. दोन्ही पायांनी दाबावं तेव्हा कुठं गाडी थांबे.

गोल बोनेटची पांढरी गाडी ती. लहानपणी आप्पा अख्खी गल्ली तीत कोंबून गडावर न्यायचे. कुणाच्या मांडीवर कोण, पत्ता नसायचा. फडक्यातल्या भाकरी-ठेच्याचा वास दिवसभर गाडीत राहायचा. आता तसं कुणी कुणाच्या मांडीवर बसतही नाही. दर्शन झालं की आप्पा गडावरून आणलेला लाल दोरा बोनेटखाली, इंजिनाकडून ब्रेककडे जाणाऱ्या जाड रबरी नळीवर बांधायचे. "ब्रेक देवाच्या हातात असलेला बरा," म्हणायचे. वर्षानुवर्षं दोऱ्यावर दोरा चढून तिथं मुठीएवढा गोळा झाला होता. गॅरेजवाला तो काढायला निघाला, तेव्हा मी त्याच्यावर उखडलो होतो. देवाच्या दोऱ्याला हात लावायचा नाही म्हणजे नाही!

पुढं घाट होता, म्हणून मांजरसुंब्याला एका ढाब्यापुढं थांबलो. बोनेट उघडलं. इंजिन चालूच ठेवलं, बंद केलं की धक्का मारायची पाळी. डोक्याला हात लावून म्हटलं, देवा, म्हातारीचं एवढंसं मागणंही जड झालं का तुला?

अंबाजोगाईच्या गाडीची वाट बघत एक बाई तिथं उभी होती. दोऱ्यांकडं बघत जवळ आली. "दादा, गडाचे दोरे हायत का हे? माजी लेक अंबाजोगाईला दवाखान्यात हाय, पहिलटकरीण. लई अडलीय. गडावर जायला येळ न्हाई. एक द्या की, हाताला बांधते तिच्या."

मी नाहीच म्हणणार होतो. तोवर माय गाडीतून उतरली. "दे की. बघतोस काय?"

"माय, आप्पांनी बांधलेत ते!"

"मंग? ते असते तर न्हाई म्हनले असते का?"

मी गाठ सोडायला घेतली. ऑइल मुरून सगळे दोरे एकजीव झाले होते. एक सुटेना. शेवटी ढाब्यावरची सुरी आणून मायनं अख्खा गोळाच कापला. आणि गोळा निघाला तशी नळी फुस्स करून वाजायला लागली. टोकाशी चांगली बोटभर जुनी चीर होती. ब्रेकला जोर देणारी हवेची ओढ तिथूनच वाया जात होती, आणि दोऱ्यांखाली ती ना दिसत होती ना ऐकू येत होती. मग इंजिन बंद करून चिरलेला तुकडा कापला, नळी पुन्हा खोचली, क्लिप आवळली. ढाब्यावरच्या माणसांनी धक्का दिला. पेडल पायाखाली अलगद दबलं आणि मला रडूच आलं.

"गड कुठं पळून चाललाय? आदी ह्या बाईला पोचव," माय म्हणाली. गाडी उलटी फिरवली. दवाखान्याच्या दारात बाई दोऱ्यांचा तो गोळाच मुठीत धरून धावत आत गेली. तिचं नाव विचारायचंही राहिलं. तिच्या लेकीचं काय झालं, ठाऊक नाही. रोज दिवा लावताना तिच्यासाठी हात जोडतो.

मी देवाचं म्हणून जे कवटाळून बसलो होतो, ते त्यानं मागून घेतलं, एवढंच मला कळतं. दुपार कलल्यावर पुन्हा गडाच्या वाटेला लागलो. घाटाच्या उतारावर हलकेच ब्रेक दाबला आणि मायला दाखवावं म्हणून आरशात पाहिलं. ती मागच्या सीटवर तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. आप्पा गेल्यापासून गाडीत तिचा कधी डोळा लागला नव्हता. मी हाक मारली नाही. गाडी आणखी हळू घेतली आणि घाट संपेपर्यंत मनात म्हणत राहिलो, देवा, आता तूच सांभाळ रे बाबा.