भासऱ्यांनी न पाहिलेली भिंत

माझ्या भासऱ्यांइतकं, म्हणजे मालकांच्या थोरल्या भावाइतकं, खरं बोलणारा माणूस केळापुरातच काय, अख्ख्या जिल्ह्यात नसेल, आणि असलाच तर त्याच्या घरच्यांची मला दया येते. कोणी विचारलं नाही तरी ते खरं सांगतात. पांढरकवड्याच्या बाजारात बैल विकायला गेले, गिऱ्हाईक बैलाच्या पाठीवरून हात फिरवत होतं, तर हे म्हणाले, "दिसते चांगला, पण दुपारी वखर सोडून बसते." बैल घेऊन परत आले आणि वर सांगितलं की गिऱ्हाईक फार भला माणूस होता. स्वतःच्या लेकीला पाहायला पाहुणे आले, पोह्यांची तारीफ झाली, आणि हे शांतपणे म्हणाले, "पोहे शेजारच्या बाईनं केले. आमच्या पोरीले सध्या चहाच येते." दाराआड माझ्याशेजारी जाऊबाईंनी कपाळाला हात लावला. तरी लग्न जमलं. ते कसं, हे मला अजून कळलेलं नाही.

माझ्याशी मात्र ते खरं-खोटं काहीच बोलत नसत. धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्यांसमोर पदर घ्यायचा, बोलायचं नाही, ही आमची रीत. बाकीच्या घरांनी ती केव्हाच सैल केली, भासऱ्यांनी नाही. मी लग्न होऊन आले तेव्हापासून त्यांनी स्वयंपाकघरात पाऊल टाकलं नाही. जाऊबाई होत्या तोवर निरोप त्यांच्या तोंडून जात. त्या वारल्यावर भासरे दाराच्या चौकटीशी बोलू लागले. "भाजीत मीठ नाही," असं चौकटीला सांगायचे, आणि मी गुपचूप मीठ नेऊन ठेवायची.

या उन्हाळ्यात वादळ आलं. शेजाऱ्यांच्या निंबाचा मोठा फाटा मोडून आमच्या स्वयंपाकघरावर पडला, आणि मागची भिंत टिनांसकट आत कोसळली. मी गोठ्यात होते म्हणून वाचले. मालकांनी बँकेतून घराचा विमा काढला होता. तिथल्या साहेबांनी सांगितलं, फोटो काढा, आमचा माणूस पाहून जाईपर्यंत मलबा हलवू नका. विमा बांधकामाचा आहे, भांड्यांचा नाही. वादळानं पडलं असेल तर मिळेल, आधीच मोडकळीला आलेलं असेल तर नाही. पाऊस तोंडावर होता, आणि भिंत पुन्हा उभी करायला आम्हाला दुसरा आधार नव्हता.

विम्याचा सर्व्हेअर आला तेव्हा मालक टेम्पो घेऊन पुसदला गेलेले. घरात भासरे आणि मी. त्यानं अंगणातच विचारलं, "भिंत आधी चांगली होती ना, काका?"

"नाही," भासरे म्हणाले. "खोटं कायले सांगू? मातीची भिंत ते. जुनी भेग होती तिले, हात जाये एवढी."

मी दाराआड ऐकत होते. भेगेची ती मातीची भिंत मालकांनी कधीच पाडली होती आणि तिथं पक्क्या विटांची बांधली होती. तेव्हा भासरे मुकुटबनला लेकीकडे होते. मिस्त्री येऊन गेला हे त्यांना माहीत होतं, पण त्यांना वाटलं, ओटा बांधला. बाहेरून ती भिंत शेजाऱ्यांच्या गोठ्याआड, आणि आत तर ते येतच नव्हते.

सर्व्हेअर लिहायला लागला. मी बाहेर कशी आले ते मला सांगता येणार नाही.

"साहेब, ते भिंत नवी होती. पक्क्या विटांची. आत येऊन पाहा." मग भासऱ्यांकडे वळून बोलले, "तुम्ही नाही पाह्यली. तुम्ही आत आलेच नाही कधी."

भासऱ्यांशी मी पहिल्यांदाच बोलले होते. जिल्ह्यातला सगळ्यात खरा माणूस खोटं बोलला होता, आणि तेही मनापासून.

सर्व्हेअरनं दोघांकडे पाहिलं. "तुम्ही एकाच घरात राहता ना?"

"राहतो," भासरे हळू म्हणाले. "पण बाई सांगते ते लिहा. मले माहीत नाही."

तो आत गेला, विटा उलट्यापालट्या केल्या, सिमेंट खरवडून पाहिलं, फोटो काढले. भिंतीचा आणि टिनांचा विमा मंजूर झाला, भांड्यांचा नाही.

मिस्त्री आला त्या सकाळी भासरे उंबऱ्यापाशी घुटमळले आणि मग आत आले. मी पदर ओढून कोपऱ्यात उभी राहिले. ते धुरानं काळी झालेली लाकडं बघत राहिले, ओटा बघत राहिले, फळीवरचा जाऊबाईंचा पितळी डबा बघत राहिले. मग मिस्त्रीला म्हणाले, "एवढ्या अंधारात रांधत होत्या दोघी. खिडकी ठेव बाबा."

"कुठं ठेवू?" मिस्त्रीनं विचारलं.

भासरे माझ्याकडे वळले. "कुठं पायजे?"

जाऊबाई भाकरी थापायला जिथं बसायच्या, ती जागा मी दाखवली.