दादा म्हंजे भाऊच

हे म्या कोनालेच सांगतलं नाई. बायकोले सांगतलं असतं — पन ती आधीच गेली होती. मेली नाई, गेली. ब्रह्मपुरीले माहेरी गेली ते आलीच नाई. म्या थांब म्हनलं नाई, तिनं थांबू का म्हनून विचारलं नाई.

तं आयका. मी जेलात शिपाई होतो. कोनतं जेल, ते जाऊ द्या. कैद्यांची पत्रं वाचाचं काम माह्याकडे. आलेलं फोडाचं, वाचाचं, शिक्का मारून द्याचं. पहिले पहिले लाज वाटे. दुसऱ्याच्या नवरा-बायकोत आपन कोन, बाबा? पन लाज भी काय, सरकारी नोकरीत मरूनच जाते.

एक कच्चा कैदी होता, लालसू. निकाल लागाचाच होता त्याचा. अहेरीकडच्या जंगलातला. बंदूकवाल्यांले जेवू घातलं म्हनून धरून आनला होता. त्याले लिहिता-वाचता येत नव्हतं. त्याची बायको सोमी आश्रमशाळेत शिकलेली, ती लिहे. मी त्याले वाचून दाखवो, त्याचं उत्तर भी मीच लिहो. काय लिहे ती? कोंबडी अंड्यावर बसली. मोह वेचला, पन तुमच्याबिना टोपली जड लागते. आन् शेवटी दरवेळी — जेवत जाजा.

ते वाचून मी माहा डबा उघडो. हासू नका! मले कोन म्हनत होतं, जेवत जाजा? डाक आली का मी पहिले तिचं अक्षर शोधो. कधी कधी एक दिवस पत्र खिशातच ठेवो, मंग त्याले देवो. पत्र त्याचं, पन वाट मीच जास्त पाहो.

मंग ते पत्र आलं. "दादा आला होता. माहेरी चाल म्हनते, दुसऱ्या घरी पाट लावून देतो म्हनते. तुमी थांब म्हनसान तं मी म्हातारी होईपर्यंत थांबीन. पोळ्याच्या आत सांगा."

दादा. आमच्या इकडं या शब्दाचे दोन अर्थ. एक मोठा भाऊ. दुसरा, जंगलात बंदूक घेऊन फिरते तो — त्याले भी लोक दादाच म्हनतेत. साहेबाचा हुकूम होता, दादा दिसला का लाल रेघ मार आन् पत्र थांबव.

मले समजलं नाई काय? अरे, बंदूकवाला कधी कोनाचा पाट लावून देते! दादा म्हंजे भाऊच, लहान पोराले भी समजलं असतं. तरी म्या रेघ मारली. साहेबानं वर पाह्यलं भी नाई. भेलो होतो काय मी? नाई. जळलो. जेलात पडलेल्या मानसाले कोनी विचारते, थांबू का — आन् मले, मोकळ्या मानसाले, कोनी विचारलं नाई.

लालसू जाळीपाशी ये. "भाऊ, माहं काई आलं का?"

"नाई रे."

पोळ्याच्या आधी तोच म्हने, "रुसली असन. तुमीच लिहा, भाऊ — थांबजो, मी येतो."

थांबजो. माह्याच हातानं लिहिलं. तेवढं एक पत्र तरी टाकाचं होतं ना? नाई टाकलं.

पोळ्यानंतर सोमीचं पत्र आलं नाई. कधीच नाई.

पुढं तो निर्दोष सुटला. फाटकाजवळ त्यानं माहे दोन्ही हात धरले. "तुमी होते म्हनून सोमी भेटत राह्यली, भाऊ," म्हने. अहेरीच्या गाडीत चढता चढता मांगं पाह्यलं. हासला.

"जेवत जाजा, भाऊ."

त्याच्या घरी आता कोनी नाई, हे मले माहीत होतं. त्याले नाई. गाडी निघाली, आन् म्या हात हालवला.